गुरुजींच्या अंगणातला भोजारा

लाखनीच्या हायवेला लागून माझं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. या अंकाच्या संपादकांनी 'शून्यातून उभ्या राहिलेल्या उद्योजिकेची वाटचाल' अशा मथळ्याचा लेख मागितला, तेव्हा फोनवरच आमचा वाद झाला. दुकान कसं उभं राहिलं ते बँकेला माहीत आहे, तिला विचारा, असं मी सांगितलं. मला लिहायचंच झालं तर तेराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत हाताला लागेल ते काम केलं, त्याबद्दल लिहीन. त्यांनी मान्य केलं. लेखाच्या लांबीवर एकमत व्हायला मात्र आणखी दोन फोन लागले.

माझं नाव करुणा. नाव आणि स्वभाव यांची कधी गाठ पडली नाही, असं गावात म्हणतात. गाव लाखनीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कामाला गेले. वडील राईस मिलमध्ये पोती उचलायचे, आई शेतमजुरीला जायची, धाकटा भाऊ दुसरीत होता. कामाला जा असं मला कोणी म्हटलं नाही. मला सायकल हवी होती, आणि घरी मागून मिळणार नाही एवढं कळत होतं.

पहिलं काम तेंदूपत्त्याचं. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि दुपारी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, मुनशीसमोर नेऊन ठेवायचा. मुनशी दोन बोटांनी पुडा उघडायचा आणि फाटकं पान दिसलं की अख्खा पुडा बाजूला फेकायचा. चांगली पानं वर आणि खाली, रोगट मधे, ही युक्ती मला तिसऱ्या दिवशी सुचली. मुनशीला ती मी जन्मायच्या आधीपासून माहीत होती. त्यानं पुडा बरोबर मधूनच उघडला आणि म्हणाला, "पोरी, मी बी लहानपणी तोडत होतो." मी त्याच्याशी भांडले. चूक माझी होती, तरीही भांडले, आणि फेकलेल्या सहा पुड्यांपैकी दोन परत घ्यायला लावले. त्या दोन पुड्यांचा आनंद मला आज ट्रकभर सळाखी विकूनही होत नाही.

पंधराव्या वर्षी हायवेवरच्या एका एसटीडी बूथमध्ये बसले. आजच्या मुलांना सांगावं लागतं : तेव्हा खिशात फोन नव्हते. काचेच्या खोक्यात उभं राहून लोक बोलायचे आणि वर लाल आकडे पळायचे. माझं काम नंबर लावून द्यायचं, चिठ्ठी फाडून द्यायची आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं बसायचं. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले. एकदा एक ड्रायव्हर आपल्या मालकाला शपथेवर सांगत होता, की गाडी देवरीजवळ बंद पडली आहे, मेकॅनिक उद्या येईल. तेवढ्यात दारात जीपवाला ओरडायला लागला, "साकोली, साकोली, लाखनीवरून सीधी साकोली." ड्रायव्हरनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू जीप मीच मागवली होती. मालकाला पुढं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बाहेर येताना तो म्हणाला, "बेटी, यहाँ दरवाजा लगवा दो."

त्या बूथमध्ये मी एक गोष्ट शिकले. आकडे पळत असले की माणूस बरोबर ते बोलतो जे त्याला बोलायचं नसतं. ज्याला घाई असते तो हरतो. हे मी मनात ठेवलं, आणि पुढं ते नको तिथं वापरलं.

पावसाळ्यात बूथ सोडून मी आईबरोबर रोवणीला जायची. रोवणी म्हणजे धानाची लावणी. आधी एका तुकड्यात दाट पेरून पऱ्हे उगवायचे, म्हणजे धानाची रोपं. मग बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिखल करून ते पऱ्हे दोन-तीन काड्या एकत्र धरून रोवत मागं मागं सरकायचं. बाया ओळीनं वाकतात आणि दिवसभर वाकलेल्याच असतात. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांना मेंदी लावून झोपायचं. पाठ दुखते असं म्हणायचं नाही, कारण सगळ्यांचीच दुखत असते. मला ते काम आवडायचं, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. चौदा बाया एका तालात वाकल्या की मधल्या पोरीला विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

आमच्या टोळीची मुख्य पंचफुलाकाकी. सख्खी काकी नव्हे, आमच्या मोहल्ल्यातली. उंचीनं लहान, आवाजानं त्याहून लहान. चढ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. टोळी हुंड्यानं काम घ्यायची. रोजी म्हणजे दिवसाचा दाम. हुंडा म्हणजे अमुक इतकं शेत रोवून द्यायचे एकत्र इतके पैसे, मग ते दोन दिवसांत करा की चार. हुंड्यात दोन्ही बाजूंनी फसवाफसवी चालते. बाया विरळ रोवून लवकर उरकतात आणि मालक दोन एकराला दीड म्हणतो. आमची टोळी विरळ रोवत नसे. मालकांना मात्र दीडच आठवायचं.

तिथं माझा उपयोग झाला. उन्हाळ्यात बांध्या कोरड्या असताना मी त्या पावलांनी मोजून ठेवू लागले. लांबी, रुंदी, गुणाकार. हे मला चौथीत ज्यांनी शिकवलं त्या गुरुजींचंच बारा एकर शेत गावात सगळ्यात मोठं, आणि मी पहिल्यांदा मोजलं तेही त्यांचंच. गुरुजी दीड म्हणत होते त्या तुकड्याचे मी पावणेदोन काढले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "गुणाकार बरोबर आहे." त्या वर्षापासून काकी हुंडा ठरवायला मला सोबत न्यायला लागली. ती बसायची, मी बोलायची.

आता भोजाऱ्याबद्दल सांगायला हवं. मालकाची शेवटची बांधी रोवून झाली की बाया चिखलाचे हात घेऊन त्याला शोधतात. तो पळाल्यासारखं करतो, बाया त्याला पकडून चिखलानं माखतात, आणि सुटका म्हणून तो भोजारा कबूल करतो. भोजारा म्हणजे रोवणीच्या शेवटाचं जेवण. मालकाच्या घरी पंगत बसते, महिन्याभराच्या चिखलावर गोडधोड होतं.

गुरुजींकडे दोन टोळ्या लागायच्या. एक गावातल्या दुसऱ्या बाजूच्या बायांची, एक आमची. दुसरी टोळी गुरुजींना माखायची आणि त्यांच्या अंगणात जेवायची. आमच्याकडून काकी पुढं होऊन त्यांच्या पायाला बोटभर चिखल लावायची, आणि संध्याकाळी गुरुजींचा गडी प्रत्येकीसाठी टोपलीत शिधा घेऊन बांधावर यायचा. तांदूळ, तुरीची डाळ, तेल, गूळ. शिधा कमी कधीच नसायचा. असं का, हे कोणी विचारत नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. आमचे आजे-पणजे छप्पन साली बौद्ध झाले, पण गुरुजींच्या घराचा उंबरठा छप्पन सालाच्या आधीच राहिला होता. गुरुजी स्वतः वाईट माणूस नव्हते. शाळेत त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं होतं. म्हणूनच मला ते जास्त झोंबायचं.

सतराव्या वर्षी मी ते बोलून दाखवलं. त्या साली पाऊस आधी आला आणि मग बारा दिवस दडला. गुरुजींचे पऱ्हे उभे होते, बांधीला पाणी नव्हतं. पऱ्हे जास्त दिवस उभे राहिले की म्हातारे होतात, मग लावले तरी फुटवा येत नाही. पाऊस परत पडला तेव्हा सगळ्या गावाला एकाच दिवशी बाया हव्या झाल्या, आणि दुसरी टोळी तर जास्त हुंड्याच्या नादानं टेम्पोत बसून पवनी तालुक्यात कोंढ्याकडे निघून गेलेली. बारा एकर आणि हाताशी फक्त आम्ही. गुरुजींना घाई होती आणि लाल आकडे पळत होते.

काकी आणि मी त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीवर खुर्चीत, आम्ही अंगणात. हुंड्यावर अर्धा तास गेला. मग मी एकदम सांगितलं, की हुंडा तुम्ही म्हणता तो मान्य, वर एक पैसा नको. पण भोजारा इथं, या अंगणात, पानावर. शिधा नाही.

हे मी काकीला आधी सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या पायाच्या करंगळीवर आपली टाच ठेवली. मी पाय काढून घेतला.

गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "शिधा दीडपट देतो."

"दुप्पट देसान तरी नाई."

"करुणा, तुला पाढे मी शिकवले. माझ्याशी असं बोलतेस?"

"तुमीच शिकवले म्हून बोलता येते, गुरुजी."

त्यांनी आत दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "घरात आई आहे. नव्वदीची आहे. समजून घे."

"आमच्या घरी बी आई हाये," मी म्हणाले. "थेच तं रोवाले येते."

हे वाक्य मी आधीपासून तयार करून ठेवलेलं नव्हतं. आलं तोंडात. गुरुजींचा चेहरा चौथीच्या वर्गात कोणी खिडकीची काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला. ते उठले, आत गेले, आतून काही बोलणं ऐकू आलं, आणि बाहेर येऊन त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्यापासून या."

परत येताना काकी माझ्या पुढं चालत होती. मोहल्ल्यात शिरताना तिनं विचारलं, "बायाइले इचारलं होतं का तुनं?" मी म्हटलं, यात विचारायचं काय, कोणाला नको आहे? ती आपल्या घराकडे वळली.

नऊ दिवसांत आम्ही बारा एकर रोवले. एकही ओळ विरळ नाही. शेवटच्या दिवशी काकीनं नेहमीसारखा गुरुजींच्या पायाला चिखल लावला, आम्ही बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यावर, हातपाय धुतले, घरी जाऊन लुगडी बदलली आणि त्यांच्या अंगणात गेलो. पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या होत्या. अंगण सारवलेलं होतं. गुरुजींची सून भांडी उंबरठ्यावर आणून ठेवायची आणि आत जायची, वाढत होते स्वतः गुरुजी. म्हातारी आई दारातल्या पाटावर बसून सगळं पाहत होती. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. मी ताठ मांडी घालून बसले होते आणि प्रत्येक घास सगळ्यांना दिसेल असा खात होते.

अर्ध्या जेवणात माझं लक्ष काकीकडे गेलं. ती भात-वरणच खात होती. पुरी पानावर पडली, की तिचा हात खाली यायचा आणि पुरी पदरात जायची. मग मी आईकडे पाहिलं. तिच्याही पदराला गाठ होती. चौदा बायांपैकी बारा जणींच्या पदराला गाठी होत्या. गुरुजी दुसऱ्या फेरीला पुऱ्या घेऊन आले तेव्हा त्यांनाही ते दिसलं. त्यांनी प्रत्येकीच्या पानावर एक पुरी जास्त टाकली आणि कोणाच्या तोंडाकडे न पाहता पुढं गेले.

शिध्याचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. बांध्यांचा गुणाकार येणाऱ्या पोरीला हे सुचायला हवं होतं. शिधा म्हणजे एका घराचं दोन दिवसांचं पोटभर जेवण, गुळाच्या भातासकट. मोहल्ल्यातली पोरं त्या संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर टोपल्यांची वाट बघत थांबायची. पंगतीत मात्र फक्त जी रोवते तीच जेवते. आम्ही वळणावर आलो तेव्हा पोरं उभी होती. माझ्या भावानं आधी आईचे हात पाहिले, मग माझे, आणि विचारलं, "शिधा कोठी हाये?" आईनं पदराची गाठ सोडली. चार पुऱ्या आणि बुंदीचा चेंदा झालेला गोळा.

काकी दिवेलागणीच्या आत आमच्याकडे आली. मी भांडायच्या तयारीत होते. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "चांगलं जेवण होतं वं. पण थे तुयं जेवण होतं, आमचं नाई."

मी म्हटलं, तुम्हाला मानापेक्षा डाळ-तांदूळ मोठे वाटतात तर बसा टोपल्या धरत. आईनं मला गप्प राहा म्हटलं. मी आईलाही बोलले. इतकं बोलले, की शेजारच्या तिघीचौघी दारात आल्या, आणि तेच शब्द पुढं वर्षभर मोहल्ल्यात फिरले. त्यातला एकही शब्द मला आज परत घेता येत नाही.

पुढच्या वर्षी हुंडा ठरवायला काकीनं मला बोलावलं नाही. मीही गेले नाही. लाखनीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा होता, तिथं लागले. खिळे, बिजागऱ्या, तार. इथून पुढची वाटचाल संपादकांना हवी होती ती, म्हणून इथंच सोडते.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दुकानातून घरी आले तर घरात कोणी नव्हतं. मोहल्लाच रिकामा. उशिरानं सगळी पोरं नाचत परत आली, भावाच्या सदऱ्यावर वरणाचा डाग. आईनं सांगितलं, की काकी गुरुजींकडे एकटी गेली होती. शिधा मागितला नाही, पंगतही मागितली नाही. एवढंच म्हणाली, की मागच्या वर्षी बाया अंगणात जेवल्या, आमच्या पोरांनी गुरुजींचं अंगण अजून पाहिलं नाही. गुरुजी हसले म्हणे आणि म्हणाले, घेऊन या. शाळामास्तरला पोरं नको म्हणता येत नाही, हे काकीनं हेरलं होतं. दोन्ही टोळ्या, सगळी पोरं, एकच पंगत. भावानं पाच पुऱ्या खाल्ल्या.

मी एवढंच विचारलं, की मला काहून सांगितलं नाही. आई म्हणाली, तू कामावर होतीस. कामावर मी रोजच होते, आणि दुकान सहाला बंद व्हायचं.

हे मी वीस वर्षं धरून ठेवलं आहे. काकीनं माझ्यापेक्षा चांगला सौदा केला, हे मान्य करायला मला त्यातली निम्मी वर्षं लागली. ज्या अंगणाचं दार माझ्या भांडणानं उघडलं, तिथं आख्खा मोहल्ला जेवला आणि मी नव्हते, हे मात्र मी मान्य केलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकी माझ्या दुकानात आली. तिचं घरकुल मंजूर झालं होतं. आता ती फारच वाकली आहे, पण आवाज तेवढाच. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा यायच्या आधीच विचारलं, "काकी, त्या साली मले काहून नाई बोलावलं?"

कोणतं साल, असं तिनं विचारलं नाही.

"तू असती तं गुरुजीले मागचं साल आठवलं असतं," ती म्हणाली. "मले पोराइले जेवू घालाचं होतं. तुले जिकाचं होतं."

"पण अंगण कोणं उघडलं?"

"तुनंच. कोण नाई म्हणते?"

वीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. "मंग तेव्हा काहून नाई सांगितलं?"

"तेव्हा तू आयकून राहिली होती का?"

चहा आला. तिनं बशीत ओतून प्यायला. मग सिमेंटचं निघालं. माझी गाडी माल डांबरी रस्त्यापर्यंत नेते, पुढं ज्याचा त्यानं. काकी म्हणाली, पोती दारात उतरली पाहिजेत. मी म्हटलं, गल्लीत गाडी वळत नाही. ती म्हणाली, मागल्या महिन्यात ट्रॅक्टर वळला होता. मी म्हटलं, तो रिकामा होता. ती म्हणाली, नाही, त्याच्यावर विटा होत्या, मी मोजल्या. अकरा वाजता ती आली होती. साडेबाराला माझा नोकर जेवायला गेला, तरी आमचं चालूच होतं.